नवा कलाशिक्षक आणि चालू एम. ए.: पहिलं वर्ष कसं निभवायचं

दर जूनला मला दोन-तीन फोन येतात. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेल्या, कुठल्यातरी हायस्कूलला नुकत्याच रुजू झालेल्या मुलींचे. प्रश्न एकच: "ताई, शाळा करून एम. ए. होतं का हो?" होतं. मी केलं. वाई तालुक्यातल्या एका हायस्कूलला कलाशिक्षिका म्हणून लागले त्याच महिन्यात भारतीय विद्या या विषयाच्या एम. ए.ला बहिःस्थ, म्हणजे रोज वर्गाला न जाता घरून अभ्यास करायचा, असा प्रवेश घेतला. राहायला सातारा, शाळा वाईच्या पुढे, विद्यापीठ पुण्यात. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी कागद, मग रंग

रुजू झाल्याच्या दिवशीच उच्च शिक्षणाच्या परवानगीचा अर्ज द्या. मुख्याध्यापकांमार्फत संस्थेच्या सचिवांना. अर्जात अभ्यासक्रमाचं नाव, तो बहिःस्थ आहे हे, परीक्षा साधारण कोणत्या महिन्यांत असतात आणि शाळेच्या वेळेत अभ्यासासाठी सवलत मागणार नाही, एवढं लिहा. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर भाऊसाहेबांकडून, म्हणजे शाळेच्या कारकुनांकडून, आवक क्रमांक आणि तारीख घालून शिक्का मारून घ्या. हे मी आठ महिने पुढे ढकललं. पुढे वाढलेली पात्रता नोंदवायची वेळ आली तेव्हा "परवानगी कुठे आहे?" असा प्रश्न आला आणि मी शाळा ते कार्यालय अशा चार फेऱ्या मारल्या. चारही फेऱ्यांना किरकोळ रजा गेली, आणि किरकोळ रजा परीक्षेसाठी राखायची असते.

नेमणुकीचा आदेश नीट वाचा. पद पूर्णवेळ आहे की अंशकालीन, तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे त्यात लिहिलेलं असतं आणि तुमच्या पुढच्या दोन वर्षांचं गणित त्यावरच चालतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी त्याच दारातून आत येतात. अशा पदावर असाल तर मानधनाच्या तारखेवर विद्यापीठाची फी ठरवू नका. माझी तुकडी विनाअनुदानित होती आणि पहिल्या वर्षी दोनदा मानधन दोन-दोन महिने लांबलं. दुसऱ्या सत्राची फी मी दिवाळीआधीच बाजूला काढून आईकडे ठेवली होती, म्हणून निभावलं.

पस्तीस मिनिटांचा हिशेब

माझ्याकडे नऊ तुकड्या होत्या, प्रत्येकीला आठवड्याला दोन तासिका. म्हणजे अठरा. कागदावर हे कमी दिसतं. त्यात ऑफ तास, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या जागी घ्यायचे तास, येतात, आणि नव्या माणसाच्या वाट्याला ते जास्तच येतात.

पस्तीस मिनिटांची तासिका खरी किती असते ते पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून बघा. हजेरी, वह्या काढणं, पाणी आणणं यात दहा मिनिटं जातात. शेवटची पाच ब्रश धुण्यात आणि बाकं पुसण्यात. उरली वीस. वीस मिनिटांत रंगकाम होत नाही, रेखाटन होतं. म्हणून वेळापत्रक बनवणाऱ्या सरांना जूनच्या पहिल्याच आठवड्यात भेटून आठवी आणि नववीसाठी जोडतास, म्हणजे सलग दोन तासिका, मागा, तोही मधल्या सुट्टीच्या अगदी आधीचा. चित्रं सुट्टीभर बाकावर वाळतात आणि पुढच्या तासाच्या सरांना ओल्या बाकांवरून बोलायची वेळ येत नाही. जुलै उजाडला की वेळापत्रक हलत नाही, तेव्हा हे लाजत बसू नका. आमच्या सरांनी मला तीन जोडतास दिले. विचारलं नसतं तर एकही मिळाला नसता.

ऑफ तासासाठी एक पिशवी तयार ठेवा. माझ्या पिशवीत जुन्या लग्नपत्रिका असायच्या, एका बाजूने कोऱ्या कापलेल्या. लग्नसराई संपली की गावात घरोघरी त्या पडून असतात. मुलांना सांगितलं की मे महिन्याच्या सुट्टीनंतर गठ्ठेच्या गठ्ठे येतात. त्या जाड, गुळगुळीत तुकड्यावर पेन्सिलीने आपलाच डावा हात काढा, बाकावरचं कुलूप काढा, पुढच्या मुलीची वेणी काढा. ऑफ तास शांत जातो आणि तुमच्याकडे मुलांच्या हाताची ओळख साठत जाते.

ही ओळख पुढे नोंदवहीत लागते. आठवीपर्यंत चित्रकलेचं मूल्यमापन पूर्णपणे आकारिक आहे, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामावरून, लेखी पेपर नाही. पण प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहावी लागते आणि मुलं साडेचारशे. सत्राच्या शेवटी एकदम लिहायला बसलात तर "रंगसंगती छान करतो" हे वाक्य दोनशे वेळा लिहिलं जाईल, आणि नेमका तोच आठवडा विद्यापीठाच्या स्वाध्यायांचा असतो. दर तासाला चारच मुलं निवडा. घंटा झाल्यावर उभ्याउभ्या त्यांच्याबद्दल एकेक खरं वाक्य लिहा. "झाडाचं खोड जमिनीतून येतं हे आज त्याला दिसलं." "रंग घट्ट लावते, पाणी कमी घेते." दिवाळीपर्यंत सगळी वही भरते.

तांब्याचं तोंड

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कला संचालनालय घेतं. शाळेत कलाशिक्षकाला जी काही किंमत आहे ती बरीचशी या परीक्षांमुळे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. पालक जूनमध्ये एवढंच विचारायला येतात. त्यांना उत्तर द्या, पण वर्गात गुणांवर सुरुवात करू नका. बघण्यावर करा.

एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं. माझ्या पहिल्या वर्षी पंचवीस मुलांपुढे मी तांब्या ठेवला. पंचवीसपैकी वीस जणांनी तोंड काढलं ते दोन्ही टोकांना निमुळतं, डोळ्यासारखं. आणि बूड एकदम सरळ, पट्टीने ओढल्यासारखं. मी फळ्यावर लंबगोल काढून दाखवला. मुलांनी तो फळ्यावरून उतरवून घेतला आणि पुढच्या तासाला दुसऱ्या तांब्यावर पुन्हा तोच डोळा. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, त्वांड तर गोल हाय की. मंग चपटं का काढायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याला माहीत असलेली गोष्ट तो काढत होता, त्याच्या जागेवरून दिसणारी गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तांब्यात काठोकाठ पाणी भरलं. पाच-पाच जणांना जवळ बोलावलं. तांब्या त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला धरला आणि विचारलं, पाणी दिसतंय का? नाही. नुसती काठाची रेघ. मग हळूहळू खाली नेला. रेघ उघडायला लागली. बारीक फट, मग रुंद, मग आणखी रुंद. जमिनीवर ठेवून वरून बघायला लावलं तेव्हा पूर्ण गोल. ज्याने प्रश्न विचारला होता तो तीन वेळा खाली बसला आणि तीन वेळा उभा राहिला. मग मी म्हटलं, आता बोट काठावरून फिरव. कुठे कोपरा लागतो का? नाही लागत. मग तुझ्या चित्रात कोपरा कुठून आला? त्याने खोडरबर हातात घेतला. बुडाचंही तेच. तोंड जेवढं उघडं दिसतं त्याहून बूड जास्त उघडं असणार, कारण ते डोळ्यापासून आणखी खाली आहे. म्हणून बुडाची रेघ तोंडाच्या रेघेपेक्षा जास्त वाकडी. हे फळ्यावर सांगून कळत नाही. पाणी भरलेला तांब्या लागतो.

हा एकच पाठ मी दोन जोडतास चालवला. पहिल्या वर्षी तुमच्यावर "पोर्शन" पूर्ण करायचं दडपण येईल. स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन असं सगळं समोर दिसत असतं. तरी वस्तुचित्राला वेळ द्या. तांब्याचं तोंड एकदा दिसलं की स्मरणचित्रातली बादली, बैलगाडीचं चाक, विहिरीचा काठ आपोआप सुधारतात. भूमिती गणिताच्या सरांशी बोलून वाटून घेता येते. आमचे सर आनंदाने दोन तास घ्यायचे, बदल्यात मी त्यांचे प्रमेयांचे तक्ते करून दिले.

रंगांबद्दल थोडक्यात. मुलांना बारा किंवा चोवीस बाटल्यांचा पोस्टर कलरचा संच आणायला सांगू नका. परवडत नाही, आणि निम्म्या बाटल्या न उघडताच वाळतात. शाळेच्या कपाटात मला पहिल्या दिवशी अकरा बाटल्या सापडल्या, सगळ्या दगड झालेल्या. पाचच रंग आणायला सांगा: क्रिमझन, लेमन यलो, अल्ट्रामरीन, काळा, पांढरा. हिरवा आणि तपकिरी विकत घ्यायचाच नाही, बनवायचा. पहिला महिना कुरकुर होते. ऑगस्टमध्ये शेतं हिरवीगार झाली की मुलांना वर्गाबाहेर न्या आणि दिसतील तेवढे हिरवे पाच रंगांतून बनवायला सांगा. भाताचा वेगळा, उसाचा वेगळा, बाभळीचा वेगळा. आमच्या आठवीने एका तासात सतरा हिरवे काढले.

फलक, पडदा आणि "जरा एवढं करून द्या"

शाळेत चित्रकलेचे शिक्षक आले म्हटल्यावर 26 जूनच्या शाहू जयंतीपासून 1 मेपर्यंत प्रत्येक फलक तुमचा. मधे आषाढी, 15 ऑगस्ट, शिक्षक दिन, गांधी जयंती, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, मराठी भाषा गौरव दिन. आमच्या जिल्ह्यात 3 जानेवारीला विशेष मान, कारण सावित्रीबाईंचं नायगाव इथलंच, खंडाळा तालुक्यातलं. फलक काढायला मला मनापासून आवडतो. पण रंगीत खडूचा एक चांगला फलक दोन तास खातो, आणि वर्षाचे असे पंचवीस फलक म्हणजे एक अख्खा पेपर.

म्हणून जुलैतच फलक गट करा. आठवी-नववीतली चार मुलं. पहिले तीन फलक त्यांच्यासोबत काढा: शिरोरेषेसाठी दोरीला खडू चोळून दोन टोकांना धरून मधे टिचकी मारायची, अक्षरं आधी ओल्या खडूने हलकी बसवायची, कडा शेवटी. चौथ्या फलकापासून तुम्ही मजकूर द्या आणि शुद्धलेखन तपासा, हात त्यांचा. आमच्या गटातल्या एका मुलीचं देवनागरी वळण माझ्यापेक्षा सुंदर झालं. ती आता गावातल्या दुकानांच्या पाट्या लिहिते.

स्नेहसंमेलनाचा पडदा ही दुसरी गोष्ट. पहिल्या डिसेंबरला मला प्रतापगडाचा वीस फुटी पडदा सांगितला. मी नाही म्हटलं नाही. सात संध्याकाळी शाळेत बसून रंगवला, शेवटची एसटी दोनदा चुकली, आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाचा स्वाध्याय द्यायचा होता तो राहिला. अंतर्गत गुण गेले ते गेलेच. पडदा सुरेख झाला होता, सगळ्यांनी फोटो काढले, आणि संमेलन संपल्यावर तो गुंडाळून जिन्याखाली ठेवला तो उंदरांनी खाल्ला. दुसऱ्या वर्षी मी सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांना विद्यापीठाचं वेळापत्रक दाखवलं आणि सांगितलं, सर, पडदा दिवाळीच्या सुट्टीआधी करते, डिसेंबरमध्ये मला पेपर आहेत. त्यांनी लगेच हो म्हटलं. पडद्याऐवजी बांबूच्या चौकटीवर जुन्या साड्या ताणून चार सुटे फलक केले, तेच पुढे शिवजयंतीलाही चालले. तारखा आधी सांगितल्या की माणसं समजून घेतात. अडचण होते ती आदल्या दिवशी सांगितलं की.

शोधनिबंधाचा विषय एसटीच्या अंतरात घ्या

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. विषय असा घ्या की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिथे जाऊन अंधार पडायच्या आत घरी येता येईल. माझ्या मनात प्रवेशाच्या वेळी अजिंठा होता. अजिंठ्यावर लिहायचं स्वप्न कोणाला नसतं? पण साताऱ्याहून अजिंठा म्हणजे दोन रात्रींचा प्रवास आणि रजा. आमच्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या शाळेपासून मेणवली किती लांब?" सहा किलोमीटर. मी वर्षभर तिथून एसटीने जात होते.

मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत, अठराव्या शतकातली. घाटावर मेणेश्वराजवळ ती मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली म्हणून सांगतात. वाईत मोतीबागेत रास्त्यांच्या वाड्यातही भित्तिचित्रं आहेत. लोक महाबळेश्वरला जाताना घाट बघतात, फोटो काढतात आणि निघतात. भिंतीसमोर तासभर कोणी बसत नाही. कलाशिक्षकाला तेच तर येतं.

अशा जागी काम करायचं तर काही पथ्यं आहेत. वाडा खासगी मालकीचा आहे, आधी परवानगी घ्या आणि दर वेळी जाताना कळवा. भिंतीला ट्रेसिंग पेपर लावायचा नाही, रेघ उठून दिसावी म्हणून ओलं फडकं तर कधीच फिरवायचं नाही. चुन्याच्या गिलाव्यावरचा रंग हात लागला की भुकटी होऊन येतो. फ्लॅश बंद. बाजूने तिरका उजेड येतो ती वेळ शोधा, मेणवलीत मला ती साडेचारची मिळाली. त्या उजेडात गिलाव्याचे उंचवटे, ब्रशचे थर, जुनी दुरुस्ती सगळं दिसायला लागतं. समोर अडीच-तीन फुटांवर बसा, इंचाच्या चौकटी आखलेल्या क्वार्टर इंपिरियल (पाव तावाच्या) कागदावर डोळ्याने माप घेत नक्कल करा.

नक्कल हा आपल्याकडे जुना अभ्यास आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून पुढे तेरा वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला केल्या, पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यातल्या पुष्कळ नकला लंडनला पाठवल्या आणि 1885 च्या आगीत जळाल्या. हे मी पहिल्या सत्रातच वाचलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात वाईच्या स्टँडवर माझा मोबाइल पाण्यात पडला आणि मेणवलीची एकशे चाळीस छायाचित्रं गेली. पेन्सिलीच्या अकरा नकला घरी होत्या, त्यावरच प्रकरण उभं राहिलं. छायाचित्रं त्याच संध्याकाळी दुसरीकडे उतरवून ठेवा. नोंदवहीच्या पानांचेही फोटो काढा.

आणि एक गोष्ट मला विद्यार्थ्यांमुळे सापडली. नववीच्या सहा मुलांना एका शनिवारी सोबत नेलं होतं, पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन. मी कमानीवरची वेल काढत होते. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इथं दोन रेघा हायत." मी आठ वेळा बघितलेली जागा. काळ्या रेघेच्या बाजूला, सुताएवढ्या अंतरावर, फिकट गेरूची रेघ होती. चितारी आधी गेरूने पान बसवतो, मग काळ्याने पक्कं करताना त्याला पान थोडं आत घ्यावंसं वाटतं, आणि गेरू तसाच राहतो. आमच्या वर्गात मुलं कच्ची रेघ खोडरबरने इतकी घासतात की कागद फाटतो. त्या मुलीने सोमवारी वर्गात सगळ्यांना सांगितलं की नानांच्या वाड्यातबी खोडलं नाय. तेव्हापासून मी कच्च्या रेघा पुसायला लावत नाही. शोधनिबंधात त्या दुहेरी रेघेवर चार पानं आहेत.

वाचनासाठी वाई ही मोठी सोय आहे. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तिथंच. भित्तिचित्रण, गिलावा, चुना, गेरू असे शब्द मराठीत नीट समजून घ्यायचे तर आधी विश्वकोशातल्या नोंदी वाचा, त्या आता मोबाइलवरही मिळतात. आपल्या विषयाची बरीच पुस्तकं इंग्रजीत असतात, आणि मराठी शब्द आधी पक्के असले की ती पुस्तकं घाबरवत नाहीत. तुम्ही दुसऱ्या गावात असाल तर तालुक्याचं वाचनालय गाठा. संग्रहालय जवळ असेल तर तेही. साताऱ्याहून औंध दीडेक तासावर. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या त्या संग्रहालयात रविवर्मा आहे, चित्रकार धुरंधर आहेत, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे. हे सगळं एका छोट्या गावातल्या टेकडीवर! मुलांची सहल तिथे न्या आणि आपला एक टर्म पेपरही तिथेच करा. मी केला.

रोजचा दिवस

एसटीचा तास जाताना वाचनाचा आणि येताना झोपेचा, असं ठरवून टाका. जाताना डोकं ताजं असतं. मोठं पुस्तक गाडीत जमत नाही, म्हणून मी आदल्या रात्री दहा पानांची झेरॉक्स पिशवीत टाकायचे आणि पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर टिपणं काढायचे. एका कार्डावर एकच मुद्दा, वर पुस्तक आणि पान क्रमांक. पान क्रमांक लिहायचा कंटाळा केला की शोधनिबंधाच्या शेवटी दोन आठवडे जातात. घरी आल्यावर शाळेची कामं साडेआठपर्यंत, अभ्यास साडेनऊ ते अकरा. रविवार दुपारपर्यंत अभ्यास, नंतर काही नाही. आईने रविवार संध्याकाळची वह्या-पुस्तकं उचलून ठेवायची शिस्त लावली होती आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

सत्र परीक्षा आणि शाळेची परीक्षा एकमेकांवर येतातच. जूनमध्ये एका मोठ्या कागदावर दोन्ही वेळापत्रकं शेजारीशेजारी लिहा, रेखाकला परीक्षेचे दिवस लाल रंगाने. जिथे तिन्ही जवळ येतात त्याच्या आधीच्या महिन्यात वर्गात लांबणारं रंगकाम घेऊ नका, अक्षरलेखन घ्या. तपासायला सोपं आणि मुलांना गरजेचं.

स्वतःचं चित्र मात्र यातून सुटतं. शाळा झाली, अभ्यास झाला, आणि मार्चमध्ये लक्षात येतं की आपण जूनपासून स्वतःसाठी एक रेघ मारलेली नाही. माझं पहिल्या वर्षी तसंच झालं, आणि मुलांसमोर जलरंग दाखवताना हात अडखळला. ते मुलांना दिसतं. दुसऱ्या वर्षापासून मी मधल्या सुट्टीत पोस्टकार्डाएवढं एक चित्र करायचे, पंधरा मिनिटांत, वर्गाच्या खिडकीतून दिसेल ते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान रंकाळ्याकाठी तीच ती जागा पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. मला तर पांडवगडाची एक सोंड आणि शाळेचा हातपंप पुरला. डबा खाता खाता रंग वाळतो. चार-पाच मुलं मागे येऊन उभी राहतात. त्यांना बसायला सांगा, कागद द्या. माझ्या एलिमेंटरीच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच आली.

आता जून जवळ आला आहे. शाळा उघडायच्या आधी एक दिवस जाऊन कपाट उघडा, वाळलेल्या बाटल्या काढून टाका, चांगले ब्रश साबणाने धुऊन टोकं वर करून ठेवा, एक तांब्या शाळेतच राहू द्या. आणि परवानगीच्या अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा.